पी हळद अन् हो गोरी: पार्लरमधल्या बिनलेबल ‘नाइट क्रीम’चं परीक्षण

हे क्रीम काम करतं. परीक्षणात एरवी ही शाबासकी असते, इथे तोच पहिला दोष आहे. आठ ते पंधरा दिवसांत चेहरा दोन छटा उजळत असेल, वांगाचे डाग डोळ्यांदेखत फिके पडत असतील आणि डबीवर घटकांची यादी नसेल, तर आत पारा असण्याचा संशय धरायलाच हवा. कायदेशीर, सौम्य घटकांना एवढी घाई जमत नाही.

वस्तू ओळखीची आहे. २० ते ३० ग्रॅमची गोल प्लास्टिकची डबी, आत पांढरं, मोतिया किंवा किंचित राखाडी मलम. पार्लरमध्ये ‘फॉर्म्युला क्रीम’ किंवा ‘नाइट क्रीम’ म्हणून मिळते, ऑनलाइन ‘इम्पोर्टेड’ म्हणून, आणि आखातातून सुट्टीवर येणाऱ्यांच्या बॅगेतूनही येते. ‘रात्रीच लावा, उन्हात जाऊ नका’ एवढीच सूचना, तीही तोंडी. कुठल्याही ब्रँडचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. या धंद्यात नावं झपाट्याने बदलतात आणि एकाच नावाच्या अस्सल-नक्कल डब्या शेजारीशेजारी विकल्या जातात. नाव पाठ करून वाचता येत नाही, डबी वाचता यायला हवी.

रंग उजळतो कसा, ते आधी बघू. त्वचेतला काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, बनवण्यासाठी टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं आणि त्याच्या गाभ्यात तांबं असतं. पारा त्या तांब्याच्या जागी जाऊन बसतो. एन्झाइम बंद, रंग बनणं बंद. क्रीममध्ये बहुधा पाऱ्याचे क्षार घालतात: कॅलोमेल, म्हणजे मर्क्युरस क्लोराइड, किंवा अमोनिएटेड मर्क्युरी. पाऱ्याच्या क्षारांची ओळख आपल्याकडे नवी नाही. रसकर्पूर आणि हिंगूळ ही नावं वैद्यांच्या खलबत्त्यातून आली आहेत. गंमत अशी की क्रीम बंद केलं की एन्झाइम पुन्हा कामाला लागतं आणि चेहरा पूर्वीपेक्षा गडद दिसू लागतो. गिऱ्हाईक घाबरून दुसरी डबी नेतं. विक्रीच्या दृष्टीने याहून चांगली रचना सापडणार नाही.

आता प्रमाण. आपल्या देशातल्या २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार डोळ्यांभोवती लावायच्या प्रसाधनांत परिरक्षक म्हणून पारा ७० पीपीएमपर्यंत चालतो. बाकी सगळ्या प्रसाधनांत तो मुद्दाम घालायचाच नाही, नकळत आला तर १ पीपीएमच्या वर नको. १ पीपीएम म्हणजे किलोमागे १ मिलिग्रॅम. बेकायदा क्रीममध्ये पारा टक्क्यांत मोजावा लागतो. १ टक्का पारा म्हणजे १०,००० पीपीएम, मर्यादेच्या दहा हजार पट. अशा २० ग्रॅमच्या डबीत २०० मिलिग्रॅम पारा असतो. जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण १ ग्रॅम असतो, म्हणजे पाच डब्यांत एक थर्मामीटर. फरक इतकाच की थर्मामीटर फुटून गिळलेला द्रव पारा आतड्यातून जवळजवळ तसाच बाहेर पडतो. मलमातला क्षार मात्र केसांच्या मुळांतून आणि घामाच्या ग्रंथींतून आत शिरतो आणि मूत्रपिंडात साचतो. रोज अर्धा ग्रॅम मलम लावलं तर वरच्या हिशोबाने दिवसाला ५ मिलिग्रॅम पारा त्वचेवर पसरला जातो. तो सगळा आत जात नाही, पण रोज थोडा थोडा जात राहतो.

किडनीत तो नुसता साचून राहिला असता तर ही गोष्ट विषबाधेपुरती राहिली असती. पारा प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट चिकटतो, आणि काही शरीरांत रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्रथिनांना परकं समजू लागते. ही स्वप्रतिकारता, म्हणजे ऑटोइम्युनिटी, प्रयोगशाळेत कैक वर्षांपासून माहीत आहे. ब्राउन नॉर्वे जातीच्या उंदरांना मर्क्युरिक क्लोराइडचे छोटे डोस टोचले की दोनेक आठवड्यांत त्यांच्या रक्तात स्वतःच्याच ऊतींविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) दिसतात आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. लुइस जातीच्या उंदरांना तोच डोस दिला तर असं होत नाही. म्हणून ‘माझ्या मैत्रिणीने दोन वर्षं लावलं, तिला काही झालं नाही’ ही ग्वाही या वस्तूबाबत निरुपयोगी आहे. मैत्रीण कदाचित लुइस असेल.

माणसांत सर्वांत पक्का दुवा किडनीच्या एका आजाराशी आहे, मेम्ब्रेनस नेफ्रोपथीशी. किडनीच्या चाळणीवर प्रतिपिंडांचा थर बसतो, चाळणी गळू लागते आणि रक्तातलं अल्ब्युमिन लघवीवाटे वाहून जातं. नैरोबीतल्या डॉक्टरांनी १९७२ मध्ये नोंदवलं होतं की त्यांच्याकडे नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून प्रथिनं गळून अंग सुजणं, घेऊन आलेल्या प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक जण पारा असलेली त्वचा उजळवणारी क्रीम वापरत होते. पन्नास वर्षं उलटल्यावर तेच केरळात दिसलं. मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या ॲस्टर मिम्स रुग्णालयातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांच्या बायोप्सीत ‘नेल-१’ हे प्रथिन सापडलं, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचं क्रीम लावत होते. एकाला मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. या आजारात गुठळी होणं हा योगायोग नसतो. लघवीतून अल्ब्युमिनसोबत रक्त पातळ ठेवणारी प्रथिनंही निघून जातात.

महाराष्ट्रातलं उदाहरण अकोल्याचं. एकाच घरातल्या तिघींना २०२२ मध्ये पाठोपाठ किडनीचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा धागा स्थानिक पार्लरमधून आणलेल्या क्रीमपाशी पोहोचला आणि प्रयोगशाळेत त्यात पारा सापडला. एका घरातल्या अनेकांना एकदम असं झालं की आनुवंशिक आजाराची शंका आधी येते. न्हाणीघरातल्या फळीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

बाकीच्या स्वप्रतिकार आजारांबाबत मात्र दुवा इतका पक्का नाही आणि तो ताणूही नये. ब्राझीलमधल्या सोन्याच्या खाणकामगारांमध्ये, जे पारा हाताळतात, स्वतःच्याच पेशीकेंद्राविरुद्धची प्रतिपिंडं जास्त आढळली. अमेरिकेत १६ ते ४९ वयाच्या स्त्रियांच्या सर्वेक्षणात केसांतला आणि रक्तातला पारा, म्हणजे मुख्यतः माशांतून आलेला, जितका जास्त तितकी अशी प्रतिपिंडं सापडण्याची शक्यता जास्त होती. पण एएनए (या प्रतिपिंडांची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह येणं म्हणजे ल्युपससारखा स्वप्रतिकार आजार होणं नव्हे. धडधाकट माणसांतही ते पॉझिटिव्ह येतं. थायरॉइड, संधिवात, ल्युपस यांना पारा कारणीभूत आहे असं छातीठोकपणे सांगणारा माणूस बहुधा काहीतरी विकत असतो: ‘डिटॉक्स’ पॅकेज, नाहीतर दातांतली चांदी काढण्याचं काम. त्या चांदीत वजनाने निम्मा पारा असतो हे खरं, पण ती घट्ट मिश्रधातू आहे, आणि विनाकारण खणून काढताना उलट वाफ सुटते. नस आणि प्रतिकारशक्ती यांच्या सीमेवरचं एक चित्र मात्र डॉक्टरांनी ओळखायला हवं: पोटऱ्यांत सतत फडफड, अंग दुखणं, भयंकर घाम, झोप उडणं, आणि सोबत लघवीत प्रथिनं. ‘कॅस्पर-२’ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं आणि मेम्ब्रेनस नेफ्रोपथी एकाच रुग्णात, आणि मागे पारा, अशा नोंदी भारतातून आल्या आहेत. त्यांत क्रीमप्रमाणेच पारायुक्त देशी औषधंही आहेत.

आता डबी वाचायची कशी. भारतात कायद्याने बनलेल्या प्रसाधनावर उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची अंतिम तारीख आणि घटकांची यादी लागते. आयात केलेल्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक लागतो. परदेशी लिपीतलं चकचकीत खोकं आणि वर भारतीय आयातदाराचं स्टिकरच नाही, तर ती वस्तू आडमार्गाने आली आहे. पुढे वाचायचीही गरज नाही. यादी असेल तर त्यात मर्क्युरी, मर्क्युरिक, मर्क्युरस, मर्क्युरिओ, कॅलोमेल, सिनाबार यांपैकी काही आहे का ते पाहा. पण यादीत नसणं हा पुरावा नव्हे, कारण पारा घालणारा तो छापत नाही.

न छापायची एक गोष्ट मात्र कधीकधी भाबडेपणाने छापली जाते: ‘सोनं, चांदी, ॲल्युमिनियम आणि दागिन्यांना लागू देऊ नका.’ चेहऱ्याच्या क्रीमला सोन्याचं काय वाकडं? पारा सोन्यात मिसळून पांढरट डाग पाडतो, म्हणून ती सूचना. हाताच्या अंगठीला क्रीम लागून ती पांढुरकी दिसू लागली, तर सोनाराकडे जाण्याआधी डबीकडे बघा. उजेडात ठेवलेलं मलम वरून राखाडी पडणं हीसुद्धा खूण आहे, कारण कॅलोमेल उजेडात फुटून त्यातून बारीक पारा सुटतो. डबी गडद रंगाची असते आणि ‘उन्हापासून दूर ठेवा’ सांगतात, ते यामुळेही असू शकतं. मात्र अंगठी जशीच्या तशी राहिली म्हणून क्रीम निर्दोष ठरत नाही. ॲल्युमिनियमच्या कागदावर मलम चोळून पाहण्याचा घरगुती प्रयोगही असाच एकतर्फी आहे. मलमातलं तेल बरेचदा धातूपर्यंत क्षार पोहोचूच देत नाही.

खात्री हवी असेल तर प्रयोगशाळा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का एवढंच विचारू नका. प्रसाधनांतला पारा त्यांच्या मान्यतेच्या यादीत आहे का ते विचारा. नमुना म्हणून मूळ डबीच बंद झाकणासह द्यावी, निदान ५ ते १० ग्रॅम मलम शिल्लक असावं. हाती धरायच्या एक्सआरएफ यंत्राने मिनिटभरात अंदाज येतो. हजारो पीपीएमची डबी तिथेच पकडली जाते. नेमका आकडा आयसीपी-एमएस किंवा कोल्ड व्हेपर पद्धतीने मिळतो. इथे चूक कुठे होते ते सांगितलं पाहिजे. मलम आम्लात विरघळवताना उघड्या भांड्यात तापवलं तर पारा वाफ होऊन उडून जातो आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो. बंद भांड्यात, मायक्रोवेव्ह डायजेशनने केलं का, हा एक प्रश्न विचारला की समोरच्याला काम येतं की नाही ते कळतं. अहवालात ‘जड धातू: आढळले नाहीत’ एवढंच असेल तर तो परत करा. पाऱ्याचा वेगळा आकडा आणि मोजण्याची किमान मर्यादा दोन्ही हवीत.

क्रीम वापरून झालं असेल आणि काहीच त्रास नसेल तरी आजच थांबवा आणि एक साधी लघवी तपासणी करा. प्रथिनं ‘निल’ यायला हवीत. ट्रेस किंवा अधिक आलं तर सकाळच्या लघवीतलं प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. लक्षणं ओळखीची असतात, पण ती किडनीची म्हणून कुणी ओळखत नाही: सकाळी पापण्या सुजणं, संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहणं, वजन झपाट्याने वाढणं, आणि कमोडमध्ये पाणी सोडल्यावरही न विरणारा फेस. पापण्यांची सूज क्रीमची ॲलर्जी समजून त्यावर आणखी क्रीम लावल्याचे प्रकार घडतात.

शरीरातला पारा मोजायचा तर क्रीमसाठी लघवी हा योग्य नमुना, रक्त नव्हे. रक्तातला आकडा माशांतल्या मिथाइल पाऱ्याने वर जातो. आठवड्यातून चारदा सुरमई किंवा मोरी खाणाऱ्या घरात रक्ताचा अहवाल फुकटची घबराट करतो. लघवीत क्षारांचा पारा उतरतो. आकडा क्रिएटिनिनमागे मागून घ्या. जर्मन मानकात ग्रॅम क्रिएटिनिनमागे ५ मायक्रोग्रॅमपर्यंत चिंता नाही, २० च्या वर कारवाई. नमुन्याचा डबा प्रयोगशाळेचाच, धातूमुक्त हवा. नमुना देण्याआधी ‘चाचणी’ म्हणून चिलेशनची गोळी देणारा भेटला तर उठून यावं. ते औषध कुणाच्याही शरीरातून पारा ओढून काढतं, आणि त्या आकड्याला ताडून पाहायला मानकच नसतं.

नेफ्रॉलॉजिस्टकडे जाताना डबी सोबत न्या. हा सल्ला किरकोळ वाटतो, पण त्याने खर्च आणि महिने दोन्ही वाचतात. नेल-१ जातीची मेम्ब्रेनस नेफ्रोपथी काही वेळा कर्करोगासोबतही येते, त्यामुळे कारण माहीत नसेल तर डॉक्टरांना स्कॅनमागून स्कॅन करावे लागतात. पीएलए२आर प्रतिपिंडांची रक्तचाचणी, जी या आजारात नेहमी करतात, अशा रुग्णांत सहसा निगेटिव्ह येते. तेवढ्यावर ‘स्वप्रतिकार नाही’ म्हणून सोडून दिलं की निदान चुकतं. क्रीमचं नाव पुढे आलं की उपचार बहुधा सौम्य राहतात: क्रीम बंद, मीठ कमी, टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखी प्रथिनगळती कमी करणारी गोळी, सुजेसाठी लघवीची गोळी, आणि अल्ब्युमिन फारच खाली गेलं तर रक्त पातळ करणारं औषध. क्रीम थांबवल्यावर बहुतेक रुग्ण काही महिन्यांत सावरतात. माहिती लपवली, आणि लाजेपोटी ती लपवली जाते, तर तेच प्रकरण स्टेरॉइड, सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब अशा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांपर्यंत जाऊ शकतं, आणि रात्री क्रीम चालूच असतं. शरीरातला पारा निम्मा व्हायला साधारण दोन महिने लागतात. सहा महिन्यांनी अष्टमांश उरतो. लघवीतली प्रथिनं पंधरा दिवसांत थांबली नाहीत म्हणून घाबरायचं नाही आणि महिन्यात सूज उतरली म्हणून तपासण्याही सोडायच्या नाहीत.

घरातल्या इतरांचं काय? ही वस्तू एकट्या माणसाची राहत नाही. उशीच्या अभ्र्याला, टॉवेलला, लेकराच्या गालाला लागते, आणि पारा खोलीच्या तापमानालाही हळूहळू वाफ होतो. कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियात २०१० मध्ये अशी घरं तपासली तेव्हा क्रीम कधीच न लावलेल्यांच्या, मुलांच्याही, लघवीत पारा वाढलेला होता. अभ्रे-टॉवेल वेगळे धुवा, जुने टाकून द्या, लहान मुलांची लघवी तपासा. गरोदर बाईने किंवा अंगावर पाजणाऱ्या आईने वापरलं असेल तर थेट डॉक्टर. कॅलिफोर्नियातलंच २०१९ चं सॅक्रॅमेंटोचं प्रकरण याहून वाईट. तिथे क्रीममध्ये क्षार नव्हे, मिथाइल पारा निघाला, १२,००० पीपीएम. रक्तात लिटरमागे २,६२० मायक्रोग्रॅम. त्या बाईच्या मेंदूवर घाला पडला. डबीवर नाव ओळखीच्या क्रीमचंच होतं. भेसळ नंतर झाली होती.

मग घ्यायचं काय? वांग आणि उन्हाने काळवंडणं यांवर कंटाळवाणी उत्तरंच खरी आहेत. एसपीएफ ३० किंवा अधिकचं सनस्क्रीन, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, सकाळी आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी. त्याच्या जोडीला ४-५ टक्के नायसिनामाइड, किंवा त्वचारोगतज्ज्ञाने लिहून दिलेलं १० ते २० टक्के ॲझेलिक ॲसिड. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूब मेडिकलमधून परस्पर आणणं हा दुसरा खड्डा. त्यात पारा नसतो, पण चेहरा पातळ, लाल आणि केसाळ होतो. ते डॉक्टरने सांगितलेल्या आठवड्यांपुरतंच.

गुण द्यायचे तर: परिणाम दहापैकी नऊ, टिकाऊपणा शून्य, लेबल शून्य. किंमत छापील नसल्याने मोजता येत नाही, आणि किडनीची बायोप्सी बिलात धरलेली नाही.

पाऱ्याला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाटा कराराच्या देशांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये जिनिव्हात १ पीपीएमची सूटही काढून टाकायचं ठरवलं. भारत २०१८ पासून त्या करारात आहे. कागद कडक आहे, पार्लरची फळी अजून तशीच आहे. उरलेली डबी कचऱ्याच्या टोपलीत किंवा बेसिनमध्ये रिकामी करू नका. झाकण घट्ट लावून दोन प्लास्टिक पिशव्यांत बंद करा, पावती आणि विकणाऱ्याचा मेसेज असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात औषध निरीक्षकाकडे लेखी तक्रारीसोबत द्या, पोच घ्या. तक्रार करायची नसेल तर पालिकेच्या घातक घरगुती कचऱ्यात. मलम धुऊन डबी मीठ-मसाल्याला वापरणाऱ्या घरांसाठी वेगळं सांगायला लागू नये, पण डबी दिसायला छान असते, म्हणून सांगितलं.